एकतिसाव्या मजल्यावरच्या काचा

६ ऑक्टोबर

ताई,

पत्राच्या सुरुवातीला काहीतरी गोड लिहायची पद्धत असते. ते तू मनानंच लिहून घे, माझ्या हातून निघत नाही. दोन वर्षं सात महिने आपण बोललो नाही, आणि आणखी तेवढेच गेले असते तरी माझं काही अडलं नसतं. पण काल सकाळी दूधवाल्यानं बातमी दिली, दुपारी ज्याच्या घरी काच बसवायला गेलो त्या गिऱ्हाइकानं दिली, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई आपणहून म्हणाली, "त्या मनोऱ्याची काच पडली म्हणे, ऐकलंत का?" म्हटलं, सगळं शहर बोलतंय, तर सख्ख्या भावानं तरी मागं का राहावं? म्हणून लिहायला बसलो.

फोन करत नाही, कारण फोनवर तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. शिवाय भिंती पातळ आहेत आणि बाबांचे कान अजून शाबूत आहेत. कागदावर मला सगळं सलग बोलता येईल.

तर फुटली एकदाची. चौपन्न मजल्यांची तुझी लाडकी इमारत, शहराचा नवा चेहरा, जुन्या बकाल वस्तीचा कायापालट वगैरे वगैरे. उद्घाटनाच्या पुस्तिकेत तुझा फोटो होता. डोक्यावर हेल्मेट, एक हात काचेवर, खाली 'काचकाम तपासणी प्रमुख'. बाबांनी ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. त्या कपाटात मी माझे कपडे ठेवत नाही.

काच कुणावर पडली ते तुला माहीत असेलच. नसेल तर सांगतो. आपल्या काचेच्या दुकानाला लागून चाळीस वर्षं बसलेल्या बूटवाल्या काकांवर. ज्यांनी तुझी शाळेची चप्पल सात वेळा शिवली आणि एकदाही पैसे घेतले नाहीत, त्यांच्यावर. गल्ली पाडल्यावर त्यांना मनोऱ्याच्या चौकात एक स्टीलचं खोकं दिलं, 'जुन्या वस्तीची आठवण' म्हणून. त्या मनोऱ्याला 'दाभण' हे नाव काकांनीच पाडलं होतं, आणि आता त्याच दाभणानं त्यांच्या खांद्याला नऊ टाके घातले. तुमच्या त्या कडक केलेल्या काचेचा म्हणे चुराच होतो, कुणाला इजा होत नाही. चुरा होतो हे खरं, पण तो गठ्ठ्यानं खाली येतो, आणि एवढ्या उंचीवरून आलेला गठ्ठा धोंड्यापेक्षा कमी नसतो. हे तुमच्या पुस्तिकेत कुठं वाचलं नाही.

एक विचारायचं होतं. वर्तमानपत्रात नुसतं 'वरच्या मजल्यावरची काच' असं लिहिलंय. नक्की कितव्या मजल्यावरची? सहज विचारतोय. बाबा सारखे विचारतात म्हणून.

तुझा भाऊ,
म्हणजे कागदोपत्री तरी

१४ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. सरकारी कचेरीतून सुद्धा याहून मोठं पत्र येतं. 'काच एकतिसाव्या मजल्यावरची, उत्तर बाजूची. बाबांचं जेवण बरं आहे का? त्या मजल्यावर तू एकूण किती खिडक्या बसवल्यास ते कळवशील का?' संपलं. खाली सही सुद्धा पूर्ण नाही.

म्हणजे आता माझ्यावर येणार तर. मला वाटलंच होतं. मोठ्या माणसांच्या हातून काही सांडलं की ते आधी खाली बघतात, पुसायला कोण आहे ते.

तुला आठवण करून देतो, मी त्या मनोऱ्यावर आपणहून आलो नव्हतो. तू आणलंस. आधी तू बाबांच्या पुढ्यात तो कागद ठेवलास, दुकान सोडून देण्याचा. बाबांनी वाचला सुद्धा नाही. म्हणाले, "तू वाचलायस ना? मग कुठं सही करू तेवढं दाखव." तू बोट ठेवलंस, त्यांनी सही केली. महिन्याभरात आपलं दुकान, काकांची पायरी, कोपऱ्यावरचा छापखाना, सगळं सपाट झालं. काच कापायचं ते लांबलचक टेबल दारातून निघेना म्हणून तिथंच तोडलं. त्याच टेबलाखाली बसून तू अभ्यास केलास. तोडताना तू नव्हतीस, तुझी कुठलीशी बैठक होती.

मग तुला भावाची दया आली. 'काचकामाच्या टोळीत एक जागा आहे, येतोस का?' वीस वर्षं ज्यानं स्वतःच्या दुकानात काच कापली त्यानं कुणाच्या तरी टोळीत हेल्मेट घालून उभं राहायचं, आणि वर तुझे उपकार मानायचे. मी आलो, कारण बाबांचं औषध चालू होतं. मला एकतिसावा मजला दिला. तो यंत्रांचा मजला, थंड हवेची धुडं तिथं यायची होती. बाकीच्या मजल्यांच्या काचा कारखान्यातूनच चौकटीत बसून यायच्या, पण तिथल्या चौकटी वेगळ्या मापाच्या, त्यामुळे काच जागेवर बसवावी लागायची. जुन्या पद्धतीचं हातकाम. मला ते आवडलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि तिथंच तू मला चार लोकांत उभं केलंस. एकोणिसाव्या खिडकीपाशी. चौकटीच्या खाचेत, काच टेकते त्या जागी रबराचा ठोकळा घालायचा असा तुमचा नियम. माझ्या हातात लाकडाचा होता. तू म्हणालीस, "हे काय आहे? हे तुझं दुकान नाही. काढ ते." 'तुझं दुकान' म्हणालीस. 'आपलं' पण नाही. टोळीतले सगळे बघत होते. एक जण हसला. मग तू विचारलंस, "आधीच्या अठरा खिडक्यांत काय घातलंस?" मी सांगितलं, रबर. सगळ्यांसमोर सांगितलं. हेल्मेट काढून ठेवलं आणि जिना उतरून आलो, एकतीस मजले.

तेव्हा सांगितलं तेच आजही सांगतो. रबर.

बाबांचं जेवण बरं आहे.

तुझा भाऊ

२२ ऑक्टोबर

ताई,

काल काकांना भेटायला गेलो होतो. खांदा बांधलाय, उजवा हात वर होत नाही, आणि बूट शिवायला उजवाच लागतो. मला बघून म्हणाले, "ये रे, काचवाल्या. तुझी बहीण आत्ताच गेली." म्हणजे तू येतेस. एक दिवसाआड येतेस, तासभर बसतेस, आणि त्यांच्या सुनेला भांडी घासू लागतेस. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुला तिथं बघायची पाळी आली नाही हे बरंच झालं.

मी तिथं तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, आता कशाला येते, आधी नीट तपासलं असतं तर. काकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गप रे. तिला घरी बसवलंय, माहितीय का? चौकशी लागलीय. वीस नोव्हेंबरला तिची सुनावणी. परवाना काढून घेणार म्हणतात, कायमचा."

मी म्हटलं, "मग? तिची चूक असेल तर काढतील."

"ती म्हणते, तपासणी माझी, सही माझी, जबाबदारी माझी. काच कुणी बसवली म्हणून विचारलं तर मिठाची गुळणी धरून बसते. साहेब लोक चिडलेत तिच्यावर. आता तूच सांग, काच बसवणाऱ्याचं नाव सांगायला काय जातं?"

पाणी मागितलं आणि पिऊन उठलो.

घरी येईपर्यंत मात्र माझा संताप संताप झाला. तुला कुणी सांगितलं होतं थोर व्हायला? लहानपणापासून तुझं हेच. बरणी मी फोडायची आणि 'माझ्याकडून पडली' म्हणून तू पुढं व्हायचं. मग आई तुला काही बोलायची नाही, आणि माझ्याकडे अशी बघायची की त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. माझ्या वाटणीची शिवी मला कधी मिळूच दिली नाहीस. आता पन्नाशीला आलीस तरी तेच. माझं नाव सांग त्यांना. काय वाकडं करतील माझं? माझ्याकडे काढून घ्यायला परवाना नाही आणि पाडायला दुकान नाही.

आणि समज, मी म्हणतो समज, दोन-चार खिडक्यांत लाकूड गेलंही असेल. त्यानं काच फुटते असं कुणी सिद्ध केलंय? आपल्या दुकानानं या शहरात किती काचा बसवल्या असतील? शाळेच्या, कचेरीच्या, दवाखान्याच्या. एकूण एक लाकडावर टेकलेल्या. एक तरी फुटली का चेंडू लागल्याशिवाय? बाबा म्हणायचे, रबर उन्हानं चिरतं, लाकूड घाला. ते काय वेडे होते?

तू मला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस.

भाऊ

३० ऑक्टोबर

ताई,

हे पत्र नीट बसून वाच. मध्येच थांबवता येणार नाही तुला, तेवढा या कागदाचा फायदा.

बाबांना मी मनोऱ्यावरून आलो त्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती, ती तुला सांगितली नाही. दुकान रिकामं करताना त्यांच्या हातचे सागाचे ठोकळे उरले होते, एका डब्यात. तुला आठवतात का ते? बोटाएवढे कापायचे, जवसाच्या तेलात उकळायचे, आठवडाभर सावलीत वाळवायचे. तेल उकळलं की आई खिडक्या उघडून शेजारी जाऊन बसायची. तो शेवटचा डबा मी टाकू शकलो नाही. खिशात घालून मनोऱ्यावर नेला. पहिल्या खिडकीपाशी रबराचा ठोकळा हातात घेतला, तो बुळबुळीत, हलका, आणि मनात आलं की जिथं आपलं दुकान होतं त्याच जागेवर ही इमारत उभी आहे, तर दुकानातलं काहीतरी हिच्या पोटात असू दे. असा काही फार विचार केला असंही नाही. हात खिशात गेला. प्रत्येक खिडकीला दोन, अशा अठरा खिडक्या.

सूड नव्हता, ताई. तुला तसं वाटलं असेल, आणि इतके दिवस वाटलं तर वाटू दे म्हणून मी गप्प बसलो, कारण सूड म्हटलं की निदान ताठ मानेनं उभं राहता येतं. हे दुसरं सांगायला मला लाज वाटत होती.

बाबांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. तेव्हापासून रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून त्या मनोऱ्याकडे बघत बसतात. आलेल्या-गेलेल्याला सांगतात, "तिथं एकतिसाव्या मजल्यावर माझं लाकूड आहे." लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

काच पडल्यावर त्यांनी मला काहीच विचारलं नाही, सारखे विचारतात असं तुला लिहिलं ते माझ्या पदरचं. मागच्या आठवड्यात डब्यातले उरलेले चार ठोकळे काढले, जाडी मापायच्या पट्टीनं मापले, आणि एका वाटीत पाणी घालून त्यात बुडवले. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" म्हणाले, "बघू." आठ दिवस ती वाटी खिडकीत होती. रोज पाणी बदलायचे. काल सकाळी ठोकळे काढले, पुसले, परत मापले. मग पट्टी माझ्यापुढं सरकवली.

"फुगलंय," म्हणाले.

मी म्हटलं, "थोडंसंच आहे. तेलातलं लाकूड, त्यात काय एवढं?"

"लाकडाच्या चौकटीत थोडंसंच होतं. चौकट पण त्याच्याबरोबर फुगायची. ती तिकडे अॅल्युमिनियमची आहे. खाचेत पाणी साठणार, हे फुगणार, आणि जागा द्यायला कुणी नाही. मग उन्हानं काच ताणली की कोपऱ्यातून जाणार." आणि मग म्हणाले, "मला कळायला पाहिजे होतं. तू सांगितलंस तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी खूश होत बसलो."

एवढं बोलून ते आत जाऊन झोपले. आज खुर्ची गॅलरीत टाकली नाही.

तर लिहून घे. उत्तर बाजू, जिन्याकडून पहिली ते अठरावी, सलग. त्यातली तेरावी फुटली असणार, वर्तमानपत्रातल्या फोटोवरून मी मोजली. बाकी सतरांत लाकूड आहे. खाली चौक आहे आणि चौकात दिवसभर माणसं असतात. त्या काढायला लावायच्या, लवकर.

माझ्याबद्दल तुझं मत आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय, ते होऊ दे.

भाऊ

५ नोव्हेंबर

ताई,

'यात पडू नकोस. तुला या शहरात परत कुणी काम देणार नाही. खिडक्यांचं मी बघते, चौक बंद करायला सांगितलाय. तू गप्प राहा.' हे तुझं उत्तर.

मी तुझ्या हाताखाली नाही. कधीच नव्हतो, ते सहा आठवडे सोडले तर.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी चौकशीवाल्या साहेबांकडे जाऊन आलो. लेखी दिलं. लाकूड मी घातलं, विचारल्यावर खोटं मी बोललो, तपासणीच्या बाईंना कल्पना नव्हती. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "त्या तुमच्या बहीण ना?" म्हटलं, "असतील. आमचं बोलणं नाही." हे त्यांना पटलं. आपलं भांडण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उपयोगी पडलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते तुलाही सांगतो, कारण तू सरळ विचारणार नाहीस. दहातली एक खिडकी उघडून बघायची असा तुमचा नियम, आणि कागदावर तू ती बघितलेली आहे. कामगारानं फसवलं असेल आणि तुला माहीत नसेल तर ताकीद मिळेल, परवाना राहील. माहीत असूनही तू सही केली असशील तर परवाना गेला, आणि पुढं खटला सुद्धा. तर तुला माहीत नव्हतं. बस्स. वीस तारखेला फक्त एवढंच बोल आणि घरी जा.

अकरा तारखेला मला मजल्यावर बोलावलंय, खिडक्या दाखवायला. माझ्याशिवाय कुणाला कळणार नाहीत म्हणे.

भाऊ

१२ नोव्हेंबर

ताई,

काल गेलो होतो. तू केलेल्या त्या थोर इमारतीत दोन वर्षं आठ महिन्यांनी पाय ठेवला. लिफ्टनं कान बंद केले. काम चालू असताना आम्ही चढायचो तेव्हा बाहेरून पाळणा होता, वारा लागायचा, आणि खाली गल्लीच्या जागेवर नुसता खड्डा दिसायचा. आता खाली सगळं आखीव. बाकं, झाडं, पाण्याचे फवारे. सगळ्याभोवती पिवळी पट्टी बांधलेली, आत एक माणूस नाही. आपलं दुकान नक्की कुठं होतं ते मला वरून सांगता आलं नाही. फवाऱ्यापाशी असावं.

साहेब, त्यांचा कारकून, टोळीचे दोघे आणि मी. जिन्याकडून सुरुवात केली. पहिली खिडकी. टोळीवाल्यानं आतल्या बाजूची पट्टी काढली, खाचेत बॅटरी मारली. रबर.

मला वाटलं, मोजण्यात गल्लत झाली. दुसरी उघडली. रबर. तिसरी, रबर. साहेब माझ्याकडे बघायला लागले. चौथी, पाचवी, सहावी. सगळीकडे काळे कुळकुळीत, तुमच्या नियमातले रबराचे ठोकळे. सातवीपासून पुढं ती थंड हवेची धुडं भिंतीला खेटून उभी आहेत, आतून हात जात नाही. तिथं बाहेरून पाळण्यातून काढावं लागलं. सातवीत लाकूड. आठवीत लाकूड. तिथून अठरावीपर्यंत, फुटलेली सोडून, सगळीकडे बाबांचे ठोकळे, काळे पडलेले, फुगून खाचेत घट्ट बसलेले. अकरा खिडक्या.

ते लोक पाळण्याकडे होते तेव्हा मी परत पहिल्या खिडकीपाशी गेलो. पट्टीखाली काच चिकटवतात त्या डिंकाची रेघ बघितली. मी बोटानं रेघ ओढतो तेव्हा ती उजव्या कोपऱ्यात संपते. तिची शेपटी डाव्या कोपऱ्यात होती. दुसऱ्या खिडकीची डावीकडे. सहाही खिडक्यांची डावीकडे. दुकानात काचेच्या कडेला लांबी भरताना तू नेहमी उलट्या बाजूनं यायचीस आणि बाबा ओरडायचे, डावरे, गिऱ्हाईक काय म्हणेल. या मनोऱ्यावर तेवढी सफाईनं उलटी रेघ ओढणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही.

मी तिथंच जमिनीवर बसलो.

म्हणजे तुला कळलं होतं. मी जिना उतरत होतो तेव्हाच कळलं असणार, किंवा त्या संध्याकाळी. तू एक पट्टी काढून बघितलीस, बाबांचे ठोकळे ओळखलेस, आणि कुणाला सांगितलं असतंस तर मला कुठल्याच कामावर उभं केलं नसतं, म्हणून कुणाला सांगितलं नाहीस. सुट्टीच्या दिवशी एकटी वर जाऊन एकेक काच पायानं दाबायच्या पहारीवर उचलून ठोकळे बदललेस. ती काच दोन माणसांच्या वजनाची आहे. सहा खिडक्या झाल्या आणि मग यंत्रं आली, हात जायची जागा राहिली नाही. आणि उरलेल्या बारांवर तू सही केलीस.

ताई, मी तुझा इतका राग राग केला नाही कधी, जितका काल त्या जमिनीवर बसून केला. तू मला बोलावलं का नाहीस? एक चिठ्ठी. दारावर येऊन एक शिवी. 'ये आणि तुझी घाण काढ' एवढं म्हणाली असतीस तरी मी आलो असतो, एका रविवारात दोघांनी मिळून अठराच्या अठरा काढल्या असत्या. यंत्रं यायच्या आत. मी खाली फुरंगटून बसलो आणि तू वर गुपचूप थोर होत बसलीस. आपण दोघं बोलत नव्हतो म्हणून काकांचा खांदा फाटला. त्यात माझा वाटा मोठा आहे, पण तुझाही आहे, आणि तो मी तुला माफ करणार नाही. माझा तू करू नकोस.

साहेब परत आले तेव्हा मी उभा होतो.

"तुमच्या कबुलीत अठरा खिडक्या आहेत," ते म्हणाले. "इथं सहांत रबर निघालं. हे कसं?"

म्हटलं, "मोजायला चुकलो असेन."

"पहिली ते अठरावी, सलग, असं लिहून दिलंय तुम्ही."

"चुकलो. सातवीपासून सुरुवात केली असेन."

"काच बसवणारा माणूस काचा मोजायला चुकतो?"

"चुकतो."

कारकुनानं ते लिहून घेतलं. 'सदर कामगाराची मोजणी भरवशाची नाही, सातव्या खिडकीपूर्वी त्याने काम केलेले दिसत नाही.' वाचून दाखवलं आणि सही मागितली. वडिलांच्या हाताखाली वीस वर्षं काढली मी, दुकानात एक काच जास्त कापली गेली तर रात्रीचं जेवण मिळायचं नाही. मी सही केली. टोळीतला एक जण हसला. तोच होता बहुतेक, एकोणिसाव्या खिडकीच्या वेळचा.

आता तू वीस तारखेला तिथं जाऊन खरं बोलायला लागलीस, तर त्या कागदाचा आणि माझा दोघांचा कचरा होईल, आणि मग आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही. तुला माहीत नव्हतं. त्या सहा खिडक्या मी केल्याच नाहीत. कुणी विचारलं तर भाऊ बिनडोक आहे म्हणून सांग, ते तुला जड जायचं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा जागे होते. त्यांनी विचारलं, "किती निघाल्या?"

म्हटलं, "अकरा."

ते बोटांवर मोजत बसले. दोन वेळा मोजलं. मग म्हणाले, "आणि सहा?"

मी बूट काढायला बसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि म्हणाले, "एकटीनं पहारीवर उचलल्या असतील. कंबर जपायला सांग तिला."

तर सांगतोय. कंबर जप.

भाऊ